पाण्याची टाकी : झाकण, घासणी आणि टीसीएल

आम्ही मुंबईत लालबाग-परळच्या चाळींमध्ये महिला बचत गटांचं काम करतो. आज बोलायचं आहे पाण्याच्या टाकीविषयी. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बायकांनी आम्हांला पाण्याचं काय सांगावं? खरंच आहे. मुंबईला पाणी येतं तेच मुळी तुमच्याकडून, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून. तानसा धरण १८९२ सालचं, पुढे भातसा झालं. तिथल्याच पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून साठवलेलं पाणी नासू नये आणि त्यापायी घरात कोणी आजारी पडू नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.

चाळीत पाण्याची वेळ ठरलेली. तेवढ्यात मोरीतलं पिंप, हंडे, कळश्या भरायच्या, बाकीची भिस्त गच्चीवरच्या टाकीवर. आता गावातही नळ आले, तशा छपरावर टाक्या आल्या. पाणी साठवणं तुमच्या-आमच्या दोघींच्याही घरचं काम झालंय.

दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा मोठा पोहण्याचा तलाव आहे. तिथलं पाणी काही रोज ओतून टाकत नाहीत. यंत्रानं ते फिरवतात, गाळतात, त्यात क्लोरीन घालतात, तळ आणि भिंती साफ करतात. यात हयगय झाली की पाणी हिरवं पडतं, भिंती बुळबुळीत होतात. साचलेल्या पाण्याचा स्वभावच तो. आपल्या टाकीला यंत्र नाही, म्हणून तीन कामं आपल्याच हातानं करायची : झाकण, घासणी आणि टीसीएल.

पहिलं झाकण. जुन्या मुंबईत गिरगावसारख्या भागांत वाड्यावाड्यांत विहिरी होत्या. शहरात हिवताप का पसरतो याचा शोध डॉ. बेंटली यांनी घेतला. १९११ च्या त्यांच्या अहवालात उघड्या विहिरींमधल्या डासांवर बोट ठेवलं होतं. त्यानंतर कितीतरी विहिरी बुजवल्या गेल्या किंवा झाकल्या गेल्या. हाच डास आज गच्चीवरच्या टाकीत अंडी घालतो. म्हणून झाकण घट्ट हवं, तडा गेलेलं चालायचं नाही. जादा पाणी जायच्या नळीला आणि हवेच्या नळीला बारीक जाळी बांधा.

दुसरं घासणं. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती पाण्याशिवायही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पिंप पुन्हा भरलं तर अंडी आतच राहतात. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पिंप, हंडे, रांजण रिकामे करून काथ्यानं घासायचे, उन्हात वाळवायचे. ते पाणी फेकू नका. फडक्यानं गाळून झाडांना किंवा संडासाला वापरा. मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी होत नाही. ती तीन महिन्यांनी, नाहीतर निदान पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धुवायची.

तिसरं टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम, हे प्रमाण. टाकीत किती पाणी आहे हे कळत नसेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजारानं गुणा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक मीटर पाणी, म्हणजे ३,००० लिटर. त्याला १५ ग्रॅम पावडर. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओतून ढवळायची. एक तास थांबल्याशिवाय ते पाणी प्यायचं नाही. क्लोरीन उतरलं की नाही हे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करून सांगतात. पाणी पिवळसर झालं म्हणजे क्लोरीन आहे. पावडर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा. ऊन आणि ओल लागली की तिचा जोर जातो. संडास धुवायचं ॲसिड तिच्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मार्च २०२५ मध्ये आमच्या जवळच नागपाड्याला एका इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरलेले ४ मजूर गुदमरून गेले. बंद टाकीत श्वासाला लागणारा प्राणवायू कमी झालेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो. खालचा पडला म्हणून वाचवायला वरचा उतरतो आणि तोही पडतो. म्हणून आमच्या गटांचा नियम साधा आहे : टाकीत डोकं घालून आत कोणी उतरायचं नाही. छपरावरची प्लास्टिकची टाकी लांब दांड्याच्या ब्रशनं बाहेरूनच धुता येते. जमिनीखालची किंवा खोल सिमेंटची टाकी असेल तर यंत्र, दोर आणि हवा तपासायची साधनं असलेल्या माणसांनाच बोलवायचं. चार पैसे वाचतात म्हणून पोराला किंवा रोजंदारीच्या माणसाला आत सोडायचं नाही. आत कोणी पडलंच तर मागोमाग उडी घालू नका. आरडाओरडा करा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन लावा.

राहिला प्रश्न, हे करायचं कोणी? टाकी सगळ्यांची असली की तिच्याकडे बघणारं कोणीच नसतं. नळ आटला की सगळे विचारतात, पण आत शेवाळ धरलं का हे कोणी बघत नाही. आणि पोराला ताप आला की रात्र जागते ती आई. म्हणून महिन्याच्या बैठकीत बचतीचा आणि कर्जाचा हिशोब झाला की टाकीचा हिशोबही घ्या. टाकी कधी धुतली, पुढची तारीख कोणती, झाकण कोण बघणार, हे इतिवृत्तात लिहा. तीच तारीख रंगानं टाकीवरही घाला. घरटी वीस-तीस रुपये वर्गणी काढली तर धुण्याचा खर्च एकटीवर पडत नाही. शाळेची आणि अंगणवाडीची टाकी कधी धुतली, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. विचारायचा हक्क आपला आहे.

येत्या बैठकीआधी एकदा आपापल्या टाकीचं झाकण उघडून बघा, मैत्रिणींनो.