रात्रपाळी आणि नमस्कार



औंध संस्थानचे—पुण्याजवळचे नव्हे, साताऱ्याकडचे औंध—राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आधी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे त्यांनी सूर्यनमस्कार धरले. १९३८ साली त्यांचे त्यावरील पुस्तक लंडनहूनही निघाले. नमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते; चाकणच्या भाड्याच्या खोलीत ती मिळते. मिळत नाही ती झोप!

वजन उतरवू पाहणाऱ्या एका रात्रपाळीवाल्याला मी पंचवीस नमस्कार सांगितले. चौथ्या दिवशी त्याने मलाच हात जोडले. चूक माझीच. झोप अपुरी पडली की भूक वाढते, एका वड्याचे तीन होतात. आता मी सांगतो : आधी झोपा, उठल्यावर तीन नमस्कार घाला, आठवड्याने एखादा वाढवा. ताटही आवरावे लागेल. नुसत्या नमस्कारांनी वजन फारसे उतरत नाही. आणि जादा पाळीला नाही म्हणायचे असेल, तर एकट्याने म्हणू नका; युनियनच्या कचेरीत या.