पासपोर्ट भारताचा, मत वॉटफर्डचं

आज एकच प्रश्न घेते, कारण गेल्या महिन्याभरात तो मला तिघांनी विचारला. एकानं वॉटफर्ड जंक्शनच्या फलाटावर, एकीनं कॅसिओबरी पार्कमध्ये बाबागाडी ढकलता ढकलता, आणि एका काकांनी फोनवर, जरा दबक्या आवाजात. "आमचा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. कौन्सिलकडून मतदार नोंदणीचं पत्र आलंय. चुकून आलं असेल ना?"

चुकून नाही आलेलं. भारताचं नागरिकत्व आणि इथं राहायची परवानगी एवढं असलं, वय बसलं आणि यादीत नाव घातलं, की तुम्ही या देशात मत देऊ शकता. महापौरासाठी, कौन्सिलसाठी आणि थेट संसदेसाठीसुद्धा. व्हिसा नोकरीचा असो, शिक्षणाचा असो, की जोडीदाराबरोबर आल्याचा असो. कायम वास्तव्याचा शिक्का मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. फक्त तुम्ही इथं राहत असायला हवं; चार महिने नातवंडांकडे आलेल्या आजीआजोबांचं नाव घालायला जाऊ नका.

आता हे असं का? कारण जुनं आहे. साम्राज्याच्या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्यानं ब्रिटिश प्रजाजन होता. तो लंडनमध्ये राहायला आला आणि बाकीच्या अटी पुऱ्या केल्या, तर मतदार होऊ शकत होता, उमेदवारसुद्धा. मुंबईत सीएसटीहून फ्लोरा फाउंटनकडे जाणाऱ्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले. किती मतांनी? तीन. त्याआधी चारच वर्षांपूर्वी पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी जाहीर सभेत म्हणाले होते की, इंग्लिश मतदार काळ्या माणसाला निवडून देतील असं आपल्याला वाटत नाही. तीन मतांनी का होईना, फिन्सबरीनं दिलं.

पुढे भारत स्वतंत्र झाला, प्रजासत्ताक झाला, पण १९४९ साली लंडनमध्ये ठरल्याप्रमाणे राष्ट्रकुलात राहिला. इथल्या कायद्यानं राष्ट्रकुलातल्या नागरिकांचा मताधिकार काढून घेतला नाही. साम्राज्य गेलं, हा हक्क मागे राहिला. गंमत म्हणजे परतफेड नाही: पुण्यात वीस वर्षं राहिलेल्या इंग्रज माणसाला आपण मत देऊ देत नाही. आणि इथं वीस वर्षं राहिलेल्या फ्रेंच माणसाला ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय खासदार निवडता येत नाही, तुम्हाला मात्र येतो. तुमच्या ऑफिसातल्या फ्रेंच सहकाऱ्याला हे सांगून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मला हे सगळं कधी कळलं ते सांगते, म्हणजे माझ्या शहाणपणाची किंमत तुम्हाला कळेल. कौन्सिलचं पत्र आमच्याकडे दरवर्षी यायचं आणि मी ते दरवर्षी स्वयंपाकघरातल्या खणात टाकायचे, टेकअवेच्या मेन्यूंबरोबर. आपण पाहुणे, आपण कशाला यांच्या भानगडीत पडा, असं वाटायचं. व्हिसाला काही होईल ही भीतीही होतीच. मग जून २०१६ मध्ये युरोपात राहायचं की बाहेर पडायचं यावर सार्वमत झालं. त्यातही राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना मत होतं. वॉटफर्डचा निकाल काय लागला आठवतंय? बाहेर पडण्याच्या बाजूनं २३,४१९, राहण्याच्या बाजूनं २३,१६७. फरक २५२ मतांचा. मोजणी सगळ्या देशाची एकत्र होती, त्यामुळे आपल्या गावच्या २५२ मतांनी देशाचा निकाल बदलला नसता, हे खरं. कोणत्या बाजूनं मत द्यायला हवं होतं, तेही मी सांगणार नाही. पण आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला जमलेली डोकी मी त्या वर्षी मनातल्या मनात मोजली. त्यातल्या किती घरांतल्या खणात ते पत्र पडून होतं कोण जाणे.

पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत दिलं. सकाळी सात ते रात्री दहा मतदान चालतं, त्यामुळे ऑफिसातून येताना गेले. यंत्र नाही, बटण नाही. एक लांब कागद, दोरीनं बांधलेली पेन्सिल, आणि ज्याला निवडायचं त्याच्यापुढे फुली. आपल्याकडे फुली म्हणजे चूक! मी क्षणभर थबकले की नको असलेल्यांवर मारायची की काय. पेन्सिलीचा विश्वास वाटत नसेल तर स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. रात्री आईला व्हिडिओवर सांगितलं, तर ती म्हणाली, बोट दाखव. शाई नाही म्हटल्यावर तिला ते मतदान खरंच वाटेना.

फोटोचं ओळखपत्र आता लागतं. २०१८ साली मतदानाला ओळख दाखवण्याचा पहिला प्रयोग ज्या पाच ठिकाणी झाला त्यात आपलं वॉटफर्ड होतं, आणि २०२३ पासून इंग्लंडभर फोटोच्या ओळखपत्राचा नियम आहे. भारतीय पासपोर्ट चालतो. त्याची मुदत संपलेली असली तरी चालतो, फोटोतला माणूस तुम्हीच आहात हे ओळखू आलं म्हणजे झालं.

काकांची खरी भीती वेगळी होती: भारताचं नागरिकत्व जाईल का? नाही. ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर जातं, मत दिल्यानं नाही. उलट परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिकडच्या यादीतही नाव घालता येतं. फक्त मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं. इथं टपालानं देता येतं.

आता या यादीबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती लपवत नाही. ज्यूरीची बोलावणी याच यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. पाच वर्षं या देशात राहिला असाल, तर पासपोर्ट भारताचा असला तरी बोलावणं येऊ शकतं, आणि ते खणात टाकलं तर हजार पौंडांपर्यंत दंड आहे. नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, तो उच्च न्यायालयानं फिरवला, आणि पुढे आपल्याकडच्या फौजदारी खटल्यांतून ज्यूरी गेलीच. ती इथं अजून आहे. आमच्या ओळखीतले एकजण सेंट ऑल्बन्सच्या क्राउन कोर्टात दोन आठवडे बसून आले. आतल्या चर्चेबद्दल बोलणं गुन्हा आहे, त्यामुळे आम्हाला फक्त तिथल्या कॉफीबद्दल कळलं. पण जाताना कुरकुरणारा तो माणूस आल्यावर बराच वेळ गप्प होता.

नाव घालायला ऑनलाइन पाच मिनिटं पुरतात, नॅशनल इन्शुरन्सचा नंबर हाताशी ठेवा. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस उरेपर्यंतच मुदत असते. पुढच्या वेळी टीव्ही लायसन्सचा प्रश्न घेऊ, त्यावर बऱ्याच जणांची भांडणं आहेत. नमस्कार.