सायकलीने कासच्या पठारावर



कोरमंगलाच्या ८० फुटी रस्त्यावर सायकल चालविणे हे आता धाडसच ठरले आहे! आपण सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर राहतो, हेही त्या धुरात विसरायला होते. म्हणून आम्ही दुसऱ्या एका पठाराविषयी बोलणार आहोत. गावी जाताना आपली मुले सातारा पाहतात तो महामार्गावरून, गाडीच्या खिडकीतून. तेथे उतरावे. यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटरवर कास लागते. उंची सुमारे १२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. भाद्रपदात, फुलांच्या हंगामात, घाटात मोटारींची रीघ लागते. सायकलस्वाराने पहाटेच निघावे.

खरी शांतता कुमुदिनी तळ्याकडे जाणाऱ्या जुन्या, मातीच्या राजमार्गावर. तेथे मात्र वाट सोडून सायकल हाकण्याचा मोह आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, आणि तीही इतकी निकस की ‘सीतेची आसवे’ ही चिमुकली वनस्पती किडे खाऊन जगते. चाकाखाली तो थर खरवडला गेला, की मुळांना धरायला जागाच उरत नाही. हंगामात तर सायकली मागेच ठेवाव्यात आणि तळ्यापर्यंत पायी जावे.