टपाल आलेलं असतं, अडतं ते वाटेत

शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, सी, सी, सी, शून्य, ई. आउटलुक एक्सप्रेसवर मेल पाहणाऱ्या अनेकांनी हा क्रमांक कधी ना कधी पडद्यावर पाहिला आहे. त्याचा अर्थ एवढाच, की सर्व्हरशी जोडणीच झाली नाही. शेवटी शून्य-ईच्या जागी शून्य-एफ असेल तर जोडणी झाली, पण मध्येच तुटली. शेवटी नऊ-दोन असेल तर सर्व्हरने नाव किंवा पासवर्ड नाकारला. तीन क्रमांक, तीन निराळी दुखणी. पण चौकट पाहताच बहुतेक जण तिन्हींवर एकच औषध करतात: प्रोग्रॅम काढून टाकायचा आणि पुन्हा घालायचा. जुनी पत्रं हरवतात ती बऱ्याचदा या घाईतच.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं, विदेश संचार निगमकडून आणि टेलिफोनच्या तारेवरून. जोडणी चालू असेतो बिल वाढत असे. म्हणून फोन लावायचा, मेल उतरवून घ्यायचे, फोन तोडायचा आणि मग निवांत वाचत बसायचं, अशी सवय लागली. त्या सवयीला युडोरा आणि आउटलुक एक्सप्रेस हे प्रोग्रॅम अगदी सोयीचे होते. टपाल आणायचं काम ते पॉप या पद्धतीने करत, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉलने. तिच्या तिसऱ्या आवृत्तीचे आजही चालणारे नियम १९९६ सालचे आहेत. पत्र संगणकावर उतरलं, की सर्व्हरवरची प्रत पुसली जाई. त्यामुळे त्या काळातली कितीतरी पत्रं आज जगात एकाच ठिकाणी आहेत: घरातल्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर.

तेव्हा दुरुस्तीला हात घालण्याआधी त्या पत्रांची नक्कल करून घ्यावी. आउटलुक एक्सप्रेसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मेन्टेनन्स आणि स्टोअर फोल्डर अशा क्रमाने गेलं, की पत्रांचा साठा कुठे आहे तो पत्ता दिसतो. प्रोग्रॅम बंद करून ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवावं.

मग पाहायचं, टपाल कुठे अडलं आहे. सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे दुसऱ्या संगणकावरच्या किंवा मोबाइलवरच्या ब्राउझरमधून तेच खातं उघडणं. तिथे नवं पत्र दिसलं, तर ते सर्व्हरपर्यंत सुखरूप पोचलेलं आहे आणि अडचण पुढच्या टप्प्यात आहे.

पुढच्या टप्प्यातलं सर्वांत मोठं कारण वापरणाऱ्याच्या हातात नाही. आउटलुक एक्सप्रेसची सहावी आणि शेवटची आवृत्ती २००१ सालची. ती ज्या विंडोज एक्सपीवर चालते, तिला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर वाऱ्यावर सोडलं. दरम्यान मेल सर्व्हरांनी कुलूप बदललं. टीएलएस या कूटपद्धतीच्या पहिल्या दोन आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या, आणि एक्सपीच्या या प्रोग्रॅमला त्यापुढची आवृत्ती बोलताच येत नाही. पासवर्डचंही तेच झालं. वैयक्तिक खात्याचा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅमकडून स्वीकारणं गूगलने ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. त्याऐवजी द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. म्हणजे पासवर्ड अचूक असूनही नकार येतो, आणि माणूस तोच पासवर्ड दहा वेळा टाकत बसतो.

कधी कारण फारच किरकोळ असतं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली, की संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला अजून लागूच न झालेलं वाटतं आणि जोडणी नाकारली जाते. म्हणून आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. जुना अँटिव्हायरसही येणारं टपाल मध्येच थांबवून तपासतो. त्यातली फक्त मेल-तपासणी बंद करून पाहता येते.

एकच पत्रं पुन्हा पुन्हा उतरतात, या तक्रारीमागचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. पॉपच्या नियमानुसार "हे पत्र पुसा" असा निरोप मिळाला तरी सर्व्हर लगेच पुसत नाही, नुसती खूण करून ठेवतो. प्रोग्रॅमने रीतसर निरोप घेतला, तरच खुणेची पत्रं खरोखर पुसली जातात. चाळीस पत्रं आहेत, एकोणचाळीस उतरली आणि चाळिसाव्यातल्या अवजड अटॅचमेंटपाशी जोडणी तुटली, तर सर्व्हरच्या लेखी एकही पुसलं गेलेलं नाही. पुढच्या वेळी तीच एकोणचाळीस पुन्हा येतात आणि गाडी त्याच पत्रापाशी पुन्हा अडते. उपाय सोपा आहे. ब्राउझरमधून ते एक अवजड पत्र बाजूला काढलं, की वाट मोकळी होते.

पेटीच भरलेली असणं हे आणखी एक दुखणं. आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची एक फाइल असते आणि तिची कमाल मर्यादा दोन गिगाबाइट. काढून टाकलेल्या पत्रांची जागाही फाइल आटोपशीर केल्याशिवाय, म्हणजे कॉम्पॅक्ट केल्याशिवाय, सुटत नाही. हे काम चालू असताना संगणक बंद केला किंवा वीज गेली, तर फाइल बिघडते. लोडशेडिंगच्या गावात हे काम यूपीएसशिवाय करूच नये.

इतकं करून जुना प्रोग्रॅम चालू झाला, तरी नव्या टपालासाठी तो वापरू नये. त्याच्या सुरक्षेच्या भोकांना आता कुणी ठिगळ लावत नाही. पत्रं बाहेर काढण्याची एक चांगली वाट आहे. थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅमची एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका बावन्नावी. ती त्याच संगणकावर घालून पत्रं आयात करावीत आणि मग नव्या संगणकावर न्यावीत. युडोराचं काम आणखी हलकं, कारण त्याच्या पेट्या मुळात साध्या मजकुराच्या फाइली आहेत.

मराठी पत्रांच्या बाबतीत एक गोष्ट हटकून विसरली जाते. युनिकोड रुळण्याआधीची मराठी पत्रं शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये लिहिलेली असत. फाइलीत असतात रोमन अक्षरं, देवनागरी रूप त्यांना फॉन्ट देतो. फॉन्ट नसला, की आईचं पत्रसुद्धा अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग होऊन समोर येतं, आणि ते बिघडलं असं समजून कुणीतरी पुसून टाकतं. तेव्हा श्रोतेहो, पत्रांच्या फोल्डरबरोबर त्या संगणकाचं फॉन्ट्सचं फोल्डरही उतरवून घ्या, आणि ते हाताशी येईपर्यंत एकही पत्र पुसू नका.