आपल्याच विद्यापीठात पुढे शिकताना

(सुवर्ण महोत्सवी शिष्यवृत्ती-वितरण समारंभातील भाषण)



सभागृहात येताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, जिथे शिकले त्याच विद्यापीठात शिष्यवृत्तीसह संशोधनाची संधी मिळते आहे. इथेच राहू की बाहेर जाऊ?" माझे आजचे भाषण म्हणजे तिला दिलेले उत्तर समजावे.

हा प्रश्न नवा नाही. दाभाड्यांनी सुरू केलेली व पेशव्यांनी चालविलेली श्रावणमासातील दक्षिणा आपणांस ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीत त्या निधीचा काही भाग महाविद्यालयांकडे वळविण्यात आला आणि 'दक्षिणा फेलो' ही परंपरा निर्माण झाली. हुशार विद्यार्थ्याने महाविद्यालयातच राहून खालच्या वर्गांना शिकवावे, स्वतःचा अभ्यास पुढे न्यावा आणि त्यासाठी दरमहा वेतन घ्यावे, अशी ती योजना होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात असेच राहिले. ते १८६२ साली बी. ए. आणि १८६४ साली एम. ए. झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही दक्षिणा फेलोच होते.

मात्र रानड्यांचे चरित्रकार आणखी एक प्रसंग सांगतात. मराठेशाहीशी तुलना करून रानड्यांनी इंग्रजी राज्यावर टीका केली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट नाराज झाले आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. शिकविणारा आणि पोसणारा हात एकच असला, की स्वतंत्र विचाराची किंमत मोजावी लागते, ती अशी.

आता आपल्याकडे पाहू. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करीत आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. घर सोडणे ज्यांना शक्य नव्हते, विशेषतः आपल्या मुलींना, त्यांच्यासाठी जवळचे विद्यापीठ हे मोठेच दार उघडले. म्हणून "इथेच राहिलात म्हणजे मागे राहिलात" असे कोणी म्हटले, तर ते मी मान्य करणार नाही.

परंतु माझा अनुभवही लपविणार नाही. मी ज्या विभागात एम. एस्सी. झालो, तिथेच संशोधनासाठी राहिलो. गुरुजन प्रेमळ होते, वाटा ओळखीच्या होत्या. शेवटच्या मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी माझ्या प्रबंधाच्या मूळ गृहीतकावरच साधा प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. चार वर्षांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. दोष विभागाचा नव्हता. उंबरठा न ओलांडणाऱ्या माझा होता.

म्हणून बाळ, आधी एवढे पाहा : पैसा तुझा आहे की जागेचा? विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या नावे असते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे आणि मान्यताप्राप्त संस्थेत कुठेही नेता येते. एखाद्या प्रकल्पातील वेतन मात्र त्या प्रकल्पाशी बांधलेले असते. पहिली हाती असेल, तर इथे राहणे ही तुझी निवड ठरते. नाइलाज ठरत नाही. राहिलीस, तर दरवर्षी काही आठवडे परक्या ग्रंथालयात, परक्या प्रयोगशाळेत, परक्या प्रश्नांसमोर घालव.

विश्वस्तांनाही नम्र विनंती आहे. २०१४ साली जैन समाजाला केंद्राचा अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि मौलाना आझाद शिष्यवृत्ती आपल्या संशोधकांनाही खुली झाली. परंतु २०२२-२३ पासून ती योजना बंद करण्यात आली. आपल्या बहुतेक शिष्यवृत्त्या पदवीपाशी थांबतात. गावात राहून संशोधन करणाऱ्याला प्रवासाचे, ग्रंथांचे, परिषदेचे साहाय्य आपण द्यावे आणि त्याच्या निष्कर्षांवर मात्र हक्क सांगू नये. अट न घालता दिलेले ज्ञानदान हेच खरे ज्ञानदान होय.

जयजिनेंद्र.