स्टेशन, स्टँड आणि आपले ठाणे

(शिरूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



आज मी दौंडच्या 'स्टेशन'वर उतरलो आणि तेथून शिरूरच्या 'स्टँड'वर पोहोचलो. मनमाडचा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. शिरूरला रेल्वे नाही. परंतु १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी ज्या पुणे-नगर मार्गावर धावली, तो मार्ग याच गावावरून जातो. एका गावाला स्टेशन, दुसऱ्याला स्टँड. या दोन्ही शब्दांचे कूळ मात्र एकच आहे.

'स्टेशन' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ उभे राहणे, उभे राहण्याची जागा. त्यावरून पहाऱ्याची जागा, समाजातील दर्जा, लष्करी तळ असे अर्थ फुटत गेले. ऑस्ट्रेलियात मेंढपाळीच्या विस्तीर्ण मळ्यालाही स्टेशनच म्हणतात. आगगाडी तर फार उशिरा आली. पेशवाईच्या अखेरीस शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. म्हणजे दौंडला रुळ पडण्यापूर्वी कितीतरी आधी, त्या लष्करी अर्थाने, हे घोडनदीकाठचे गाव 'स्टेशन' होते!

आता आपल्या घरात पाहू. संस्कृतातील 'स्था' धातूचा अर्थही उभे राहणे हाच. त्यापासून स्थान, स्थिर, स्थिती. आणि 'स्थाना'चेच मराठी रूप 'ठाणे'. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन केले होते. यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली, असे मात्र कोणी समजू नये. या भाषा एका प्राचीन कुळातील भगिनी आहेत. खोट्या अभिमानाने भाषा मोठी होत नसते.

मग चिंता कशाची? फलकावर 'पोलीस ठाणे' लिहिलेले असते. आपल्या तोंडी मात्र 'पोलीस स्टेशन'. पाहुणा शब्द घरात आला, यात वावगे काही नाही. त्याच्यासाठी घरच्या भावाला बाहेर काढावे, हे दुःखद आहे. 'स्टेशन'ला इतके अर्थ लाभले, कारण बोलणाऱ्यांनी प्रत्येक नव्या वस्तूसाठी तोच जुना शब्द हाती घेतला. कोशात जपून ठेवलेला शब्द वाढत नाही; वापरलेला वाढतो. 'ठाण मांडणे' हा वाक्प्रचार आपल्या मुलांना उद्या कळावा असे वाटत असेल, तर 'ठाणे' आज आपल्या जिभेवर असले पाहिजे.