वाद आपल्याशी, संवाद जगाशी



श्रोते मायबाप, सेवेसाठी घेतलेला तुकोबारायांचा वृक्षवल्लींचा अभंग आत्ताच टाळकरी मंडळींनी म्हटला. हा अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. शाळेतल्या पोरांना पाठ आहे. झाडं लावायचा कार्यक्रम असला की फलकावर हाच अभंग लिहितात. लिहावा, चांगलंच आहे. पण हा अभंग संपतो कुठं, इकडं आपलं लक्ष जात नाही. तो झाडांपाशी संपत नाही. तुकोबाराय गाव सोडून एकांतात गेले, रान पाहिलं, पाखरं ऐकली, आणि शेवटी आले कुठं? स्वतःच्या मनापाशी. तिथं ते मनाशी बोलत बसले. आणि बोलण्यासाठी त्यांनी दोन शब्द वापरले आहेत, बरं का. एक 'संवाद' आणि दुसरा 'वाद'. आजची सगळी सेवा या दोन शब्दांवर आहे.

विठोबा रखुमाई! जय जय विठोबा रखुमाई!

आता मला सांगा, देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांना वाद घालायला दुसरं होतं कोण? कोणीच नाही. मग वाद कुणाशी? तर स्वतःशीच. अहो, वाद घालायला तर आपल्यालाही फार आवडतो! पण आपला वाद कुणाशी? भावाशी, शेजाऱ्याशी, सुनेशी, सासूशी, एसटीच्या कंडक्टरशी. सगळ्या गावाशी वाद घालून झाला, फक्त एकच माणूस राहिला, तो म्हणजे आपण स्वतः. तुकोबांनी वाद घरात ठेवला, म्हणून बाहेर वाटायला त्यांच्याकडे संवाद शिल्लक राहिला. आपण वाद बाहेर वाटतो आणि घरी रिकाम्या हातानं येतो.

कोणी म्हणेल, महाराज, आम्हीही मनाशी बोलतो की! हो, बोलता ना. बाजारात कुणाशी बाचाबाची झाली की माणूस घरी येईपर्यंत मनाशीच बोलत असतो. 'तो असं म्हणाला तेव्हा मी तसं म्हणायला पाहिजे होतं.' रात्री अंथरुणावर पडला तरी तेच. पण हे कोर्ट कसलं आहे बघा. समोरचा माणूस हजर नाही. वकील आपला, साक्षीदार आपला, न्यायाधीशही आपलाच! निकाल काय लागणार? दररोज रात्री आपण निर्दोष सुटतो. मन हा आपला फुकटातला वकील आहे, मायबाप. फी घेत नाही, पण सगळा संसार गहाण ठेवून घेतो.

तुकोबांच्या एकांतात हा वकील नव्हता. तिथं ते स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच आरोपी. मनाला धरून विचारायचे, तू असा का वागलास? याला म्हणायचं वाद.

आणि मनाशी बोलायची दुसरी तऱ्हा समर्थांची. समर्थ रामदासांनी मनाचे 205 श्लोक लिहिले. ते कुणाला उद्देशून? मनालाच. आणि दुसऱ्याच श्लोकात मनाला हाक कशी मारली? 'अरे लबाडा', 'अरे चोरा' अशी नाही. सज्जन म्हणून मारली. लेकरू हट्टाला पेटलं की शहाणी आई म्हणते ना, 'माझं बाळ किती गुणाचं!' तसं. तुकोबा मनाशी भांडतात, समर्थ मनाला चुचकारतात. दोन्ही तऱ्हा लागतात. नुसतं भांडलं तर मन खचतं, नुसतं गोंजारलं तर मन सोकावतं.

आता हे आतलं बोलणं इतकं महत्त्वाचं का? कारण वाणी एक नाही, आपल्या शास्त्रानं चार वाणी सांगितल्या. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. परा नाभीच्या ठायी, पश्यंती हृदयात, मध्यमा कंठात आणि वैखरी मुखात, असं परंपरेनं सांगतात. सोपं करून सांगतो. ओठांतून बाहेर पडून दुसऱ्याच्या कानावर जाते ती वैखरी. शब्द जुळले आहेत पण अजून ओठ उघडले नाहीत, ती मध्यमा. शब्दही जुळलेले नाहीत, नुसता भाव दिसतो आहे, ती पश्यंती. आणि जिथून हे सगळं उगवतं ते मूळ, ती परा. शेतकऱ्याला हे लवकर कळेल. जमिनीच्या पोटात झरा आहे, झऱ्याचं पाणी विहिरीत येतं, विहिरीतून पाटात जातं आणि पाटातून पिकाला मिळतं. पिकाला खारट पाणी जातंय म्हणून पाट धुऊन उपयोग आहे का? आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. आणि आपण सगळे पोहरा घासत बसलो आहोत! गोड कसं बोलावं याची शिकवणी लावतो. ओठ गोड होतात, पण झरा खाराच राहतो.

म्हणून झऱ्यात नाम सोडायचं. नाम आधी वैखरीनं घ्यायचं, मोठ्यानं, टाळ वाजवून. मग ते हळूहळू आत उतरतं. ज्याच्या आत दिवसभर 'विठ्ठल विठ्ठल' चाललं आहे, त्याच्या तोंडून बाहेर शिवी निघायला वाट कुठून मिळणार?

विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!

माणसं किती तऱ्हांनी बोलतात बघा. आमच्या आयाबहिणींकडे बोलायला कोण होतं? पहाटे उठायचं आणि जात्यावर बसायचं. सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, माहेर लांब. मग ते सगळं जात्याला सांगायचं. दळणाबरोबर दुःखही बारीक व्हायचं. जनाबाईंनी तर पांडुरंगालाच जात्यापाशी बोलावलं आणि देव दळू लागला. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि या बाया मुक्या आहेत, त्यांना काय कळतं, असं म्हणणारी माणसं त्याच घरात पलीकडच्या खोलीत झोपलेली होती. बोलणारी बोलतच होती, ऐकणारं कोणी उठलं नव्हतं.

आता कोऱ्या कागदाची गोष्ट. चांगदेवांना ज्ञानोबारायांना पत्र लिहायचं होतं. आख्यायिका अशी की चांगदेवांचं वय चौदाशे वर्षं. पत्राचा मायना काय लिहावा? 'तीर्थरूप' लिहावं तर ज्ञानोबा वयानं पोर. 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञानानं केवढे थोर! शेवटी चांगदेवांनी कोराच कागद धाडला. मुक्ताबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, इतकी वर्षं जगूनही चांगदेव कोरेच राहिले. पण निवृत्तिनाथांनी तो कागद फेकून दिला नाही. त्यांनी ज्ञानोबांना उत्तर लिहायला सांगितलं, आणि 65 ओव्यांचं उत्तर गेलं. तीच चांगदेव पासष्टी.

लक्षात घ्या, पाठवणाऱ्यानं एक अक्षर लिहिलं नाही, आणि वाचणाऱ्यानं सगळं वाचलं. असली कोरी पत्रं तुम्हालाही येतात, मायबाप. मुलगा पुण्या-मुंबईला कामाला. आईचा फोन येतो. 'जेवलास का रे?' 'हो, जेवलो.' 'बरं. काही नाही, सहज केला होता.' हे 'काही नाही' म्हणजे कोरं पत्र आहे! गुडघा दुखतोय, तुझी आठवण येते, घर खायला उठतं, हे सगळं त्या 'काही नाही'मध्ये लिहिलेलं आहे. मुलगा म्हणतो, 'काही नाही तर ठेव मग, मी कामात आहे.' अरे, निवृत्तिनाथ हो जरा! कोरं पत्र वाचायला शीक.

आता सगळ्यात अवघड बोलणं. ते म्हणजे अबोला. दृष्टांत ऐका. गावाचं नाव कशाला? कुठल्याही गावात खपेल. दोन भाऊ, एक विहीर, एक मोटर. पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली आणि बोलणं बंद. एक वर्ष, दोन वर्षं, अकरा वर्षं! ओसरी एक, पण मध्ये भिंत. थोरला पोरीला सांगायचा, 'जा, काकांना म्हणावं मोटर बंद करा.' काका चार हातांवर उभा, सगळं ऐकतोय. तो पोरीलाच सांगायचा, 'म्हणावं, करतो.' म्हातारी आई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. तिचं मागणं एकच, 'दोघंबी एकदा माझ्यासमोर बसून जेवा रं.' दोघंही म्हणायचे, 'आधी त्याला सांग.'

आई गेली. दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. तासभर झाला. मंडळी म्हणाली, म्हातारीची काही इच्छा राहिली का? इच्छा काय होती ते सगळ्या घाटाला माहीत होतं. शेवटी थोरला पुढं झाला, धाकट्याचा हात धरला आणि पिंडाकडे बघून म्हणाला, 'आई, आम्ही बोलू. एका ताटात जेवू.'

कावळा शिवला का, ते मला विचारू नका. मला एवढंच विचारायचं आहे की, जो शब्द कावळ्यासमोर निघाला, तो आईसमोर का निघाला नाही? अकरा वर्षं ती समोर बसलेली होती!

विठ्ठल! विठ्ठल!

काही लोक म्हणतात, 'मी काही भांडत नाही महाराज, मी मौन धरलंय.' थांबा. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तीन तपं सांगितली. शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. मौन कुठल्या तपात असेल? आपल्याला वाटतं वाणीच्या. नाही! भगवंतांनी मौन मनाच्या तपात घातलं आहे. मन गप्प झालं तर मौन. तोंड बंद आणि आत वकिलाचं भाषण चालू, याला मौन म्हणत नाहीत, याला अबोला म्हणतात. मौनानं घर शांत होतं, अबोल्यानं घर मुकं होतं. आणि वाणीचं तप कोणतं सांगितलं? दुसऱ्याला बोचणार नाही, खरं असेल, गोड असेल आणि हिताचं असेल असं बोलणं. म्हणजे वाणीचं तप गप्प बसण्यात नाही, नीट बोलण्यात आहे.

मग अबोला मोडायचा कसा? ते मुक्ताबाईंकडून शिकायचं. लोकांच्या टोचून बोलण्यानं ज्ञानोबारायांचं मन दुखावलं आणि त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली, अशी कथा आहे. ताटी म्हणजे कुडाचं दार. बाहेर उभी कोण? चौघा भावंडांत सगळ्यात धाकटी बहीण. चूक तिची नाही. तरी ती गेली. ती वाट बघत बसली नाही की, मी लहान, मी का जाऊ? पहिली गोष्ट ही. दुसरी, 'कोण काय म्हणालं, चल त्याला जाब विचारू' असा विषय तिनं काढला नाही. आणि तिसरी, तिनं भावाला त्याचं मोठेपण आठवून दिलं. जगाच्या रागाचा वणवा झाला तर संतानं पाणी व्हायचं असतं, हे त्याला सांगितलं. प्रत्येक वेळी नावानं हाक मारून दार उघडायला सांगितलं. एकदा सांगून थांबली नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. तेच ताटीचे अभंग.

मायबाप, आतून लागलेली ताटी बाहेरून ढकलून उघडत नाही. हाक मारावी लागते. आणि हाक मारायची तर आपल्या मनातला वकील आधी घरी पाठवावा लागतो. म्हणून तुकोबांचा क्रम धरा. आज रात्री दिवा मालवल्यावर वाद स्वतःशी घाला. माझं बोलणं खरं होतं, पण हिताचं होतं का? माझं गप्प बसणं मौन होतं की अबोला? उत्तर मिळालं की उजाडायची वाट बघा आणि जिथं ताटी लागली आहे तिथं जा. काय बोलावं सुचलं नाही तर वारीत काय करतो ते आठवा. तिथं कोण कुठला, कुठल्या जातीचा, किती एकरांचा, विचारतो का आपण? समोर आला की 'माउली' म्हणायचं आणि पायाला हात लावायचा. तोही वाकतो, आपणही वाकतो. वाकलेली दोन माणसं भांडतील कशी?

अनोळखी वारकऱ्याला 'माउली' म्हणणारा माणूस घरी येऊन सख्ख्या भावाला हाक मारत नसेल, तर त्याची वारी अजून पंढरपुरातच अडकली आहे असं समजा. ती घरी आणा. घरची माउली बसलेली आहे तोवर आणा.

एवढं बोलून ही सेवा पांडुरंगाच्या चरणी अर्पण करतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!